यूपीएसचा बॅकअप: एएच गुणिले व्होल्ट भागिले वॅट, एवढ्यावर का भागत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. १ केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस (लाइट असतानाही लोडला स्वतःच वीज बनवून देणारा), आत १२ व्होल्ट ७ एएचच्या (अँपिअर-अवरच्या) ३ बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या, लोड साधारण ४०० वॅट. हिशोब केला तर ३६ गुणिले ७ म्हणजे २५२ वॅट-अवर, भागिले ४००, म्हणजे जवळपास ३८ मिनिटं यायला हवीत, पण बॅटऱ्या नव्या असूनही यूपीएस १४-१५ मिनिटांतच बंद पडतो. बॅटऱ्या खराब आहेत का? आणि १ तास बॅकअप हवा असेल तर काय लावायचं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो म्हणजे बॅटऱ्या परत करायला कुणी धावू नये. बॅटऱ्या चांगल्या आहेत. ७ एएचच्या ३ नव्या बॅटऱ्यांवर ४०० वॅटचा लोड साधारण १५ मिनिटंच चालतो, जे दिसतंय ते बरोबर आहे, चुकलाय तो हिशोब. आणि हा हिशोब सगळीकडे असाच शिकवला जातो, त्यामुळे तो चुकतो कुठे हे नीट समजून घ्या, कारण एकदा ते कळलं की कुठल्याही यूपीएसचा अंदाज तुम्ही स्वतः काढू शकाल.

बॅटरीवर ७ एएच लिहिलंय ना, तो आकडा खोटा नाही, पण तो एका ठराविक वेगाने बॅटरी रिकामी केली तर मिळणारा आकडा आहे. सीलबंद लेड ॲसिड, म्हणजे ज्याला सगळे एसएमएफ म्हणतात, त्या छोट्या बॅटरीचं रेटिंग बहुतेक वेळा २० तासांचं असतं, ज्याला सी २० म्हणतात. म्हणजे ०.३५ अँपिअरने ती २० तास चालवली आणि १०.५ व्होल्टला थांबवली तर ७ एएच मिळतात. आता यूपीएस काय करतो, तीच बॅटरी १३-१४ अँपिअरने खेचतो, म्हणजे रेटिंगच्या जवळपास ४० पट. त्या वेगाने त्या बॅटरीतून ७ एएच निघतच नाहीत. १ तासात रिकामी करायची म्हटली तर साधारण ४.२ एएच निघतात, म्हणजे ६० टक्के. १५ मिनिटांत करायची तर निम्म्यापेक्षाही जरा कमी. ५ मिनिटांत करायची तर एक तृतीयांशाच्या आसपास. म्हणून ते साधं सूत्र १० तासांच्या बॅकअपला बऱ्यापैकी जवळ जातं आणि १० मिनिटांच्या बॅकअपला पार फसतं, आणि यूपीएस तर बहुतेक १० मिनिटांसाठीच बनवलेले असतात. सगळा घोळ इथेच आहे.

उरलेले एएच जातात कुठे असं बरेच जण विचारतात. ते जळून जात नाहीत. लेड ॲसिड बॅटरीत प्लेटच्या छिद्रांमध्ये जे ॲसिड असतं ते रिॲक्शनमध्ये वापरलं जातं आणि बाहेरचं ॲसिड आत झिरपायला वेळ लागतो. करंट जास्त असला की आतलं ॲसिड पटकन पातळ होतं, प्लेटच्या पृष्ठभागावर लेड सल्फेटचा थर बसतो, आतलं मटेरियल तसंच राहतं आणि तोवर व्होल्टेज कटऑफच्या, म्हणजे यूपीएस ज्या व्होल्टेजला बॅटरी बंद करतो त्याच्या, खाली गेलेलं असतं. शिवाय बॅटरीच्या आतल्या रेझिस्टन्समुळे करंट वाढला की व्होल्टेज आणखी पडतं. म्हणूनच लोडवर बंद पडलेल्या यूपीएसच्या बॅटरीचं व्होल्टेज अर्ध्या तासाने मोजलं तर १२ च्या वर परत आलेलं दिसतं आणि लोक म्हणतात बॅटरीत तर अजून दम आहे, यूपीएसच लवकर कट करतो. दम आहे पण तो हळू काढला तरच मिळणार आहे, त्या लोडला नाही.

हे गणितात बसवलं विल्हेल्म प्यूकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने, १८९७ मध्ये. सूत्र असं आहे: रेटिंगची एएच भागिले (करंट गुणिले रेटिंगचे तास), जो आकडा येईल त्याचा के वा घात, आणि त्याला परत रेटिंगच्या तासांनी गुणायचं, उत्तर तासांत मिळतं. लेड ॲसिडसाठी के साधारण १.१ ते १.३ च्या दरम्यान असतो, छोट्या एसएमएफला मी १.२ धरतो. करून बघा, ७ एएच, २० तास, करंट ४.२ अँपिअर: ७ भागिले ८४ म्हणजे ०.०८३३, त्याचा १.२ वा घात ०.०५०७, गुणिले २०, आलं १ तास. वर जे ४.२ एएच सांगितले त्याच्याशी जुळलं. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर घाताचं बटन असतंच, त्यामुळे हे एवढं अवघड नाही, फक्त रेटिंग किती तासांचं आहे ते बॅटरीवर किंवा डेटाशीटमध्ये (कंपनीच्या तांत्रिक माहितीपत्रकात) बघून घ्या, कारण मोठ्या बॅटऱ्यांचं रेटिंग बऱ्याचदा १० तासांचं असतं आणि तिथे २० घातलं की उत्तर चुकतं.

प्यूकर्टला एक मर्यादा आहे. तो करंट स्थिर धरतो, यूपीएस मात्र वॅट स्थिर ठेवतो. बॅटरीचं व्होल्टेज खाली येत जातं तसा इन्व्हर्टर, म्हणजे यूपीएसमधला डीसीचं एसी करणारा भाग, तेवढेच वॅट काढायला करंट वाढवत जातो, म्हणजे शेवटच्या मिनिटांत बॅटरीवर सगळ्यात जास्त ताण, आणि म्हणून शेवटी व्होल्टेज एकदम कोसळतं. अंदाज काढताना मी सरासरी व्होल्टेज १२ ऐवजी ११.५ धरून करंट काढतो, त्याने बराच फरक भरून निघतो.

पण खरी पद्धत याहून सोपी आहे आणि ती म्हणजे बॅटरीच्या डेटाशीटमधला कॉन्स्टंट पॉवर डिस्चार्जचा तक्ता. तो बघायची सवय लावा. चांगल्या कंपनीच्या प्रत्येक बॅटरीच्या डेटाशीटमध्ये दोन तक्ते असतात, एक अँपिअरचा आणि एक वॅटचा. यूपीएससाठी वॅटचा तक्ता वापरायचा. त्यात एका बाजूला मिनिटं असतात, ५, १०, १५, ३०, ६० वगैरे, दुसऱ्या बाजूला कटऑफ व्होल्टेज प्रति सेल, १.६०, १.६७, १.७५ असं, आणि आत आकडे असतात प्रति सेल किती वॅट. काही कंपन्या पूर्ण बॅटरीचे वॅट देतात, त्यामुळे तक्त्याचं शीर्षक वाचा, प्रति सेलला प्रति बॅटरी समजलात तर ६ पटीची चूक होईल. १२ व्होल्टच्या बॅटरीत ६ सेल असतात. कटऑफचं म्हणाल तर १.७५ म्हणजे बॅटरीला १०.५ व्होल्ट, १.६७ म्हणजे १० व्होल्ट, १.६० म्हणजे ९.६. कमी मिनिटांच्या मोठ्या डिस्चार्जला यूपीएस १.६७ किंवा त्याच्याही खाली जाऊ देतो, जास्त तासांच्या हळू डिस्चार्जला १.७५ च्या खाली जाऊ देऊ नये. तुमचा यूपीएस कितीला कट करतो ते मॅन्युअलमध्ये सापडलं तर उत्तमच, नाहीतर १.७५ धरा, अंदाज थोडा कमीचा येईल, त्याने नुकसान काही नाही.

आता तुमचं गणित या पद्धतीने करू. लोड ४०० वॅट. पण बॅटरीतून ४०० नाही निघत, इन्व्हर्टर स्वतः काही खातो. तुमच्या साइजच्या ऑनलाइन यूपीएसची बॅटरी मोडमधली एफिशियन्सी ८५ ते ९० टक्क्यांच्या आसपास धरायला हरकत नाही, मी ८७ घेतो. ४०० भागिले ०.८७ म्हणजे ४६० वॅट. ३ बॅटऱ्या, म्हणजे प्रत्येकी १५३ वॅट, म्हणजे प्रति सेल २५.५ वॅट. आता साध्या ७ एएच बॅटरीच्या तक्त्यात १५ मिनिटांच्या रकान्यात बघा, आकडा याच्याच आसपास सापडेल. प्यूकर्टने ताडून बघायचं तर १५३ भागिले ११.५ म्हणजे १३.३ अँपिअर, ७ भागिले २६६, त्याचा १.२ वा घात, गुणिले २०, आलं ०.२५ तास. दोन्हीकडून १५ मिनिटं. तुम्हाला १४-१५ मिळाली. म्हणजे बॅटरी, यूपीएस आणि तुमचा लोडचा अंदाज तिन्ही ठीक आहेत.

लोडचा अंदाज ठीक आहे हे मी विशेष म्हणतोय, कारण बहुतेक ठिकाणी तोच चुकलेला असतो. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायवर ५०० वॅट लिहिलंय म्हणून कुणी ५०० धरतं, ते चूक. तो सप्लायची कमाल क्षमता आहे, रोजच्या ऑफिसच्या कामाला असा कॉम्प्युटर १०० वॅटच्या आतबाहेरच खेचत असतो, मोठं ग्राफिक्स कार्ड असेल आणि गेम किंवा रेंडरिंग चालू असेल तर गोष्ट वेगळी. एलईडी मॉनिटर २०-३० वॅट, राउटर १० च्या आसपास. उलट दिशेची चूक म्हणजे व्हीए (नुसतं व्होल्ट गुणिले अँपिअर) आणि वॅट (प्रत्यक्ष खर्च होणारी वीज) एकच समजणं. बॅकअपचा हिशोब नेहमी वॅटवर होतो, व्हीएवर नाही. ६०० व्हीएचा लाइन इंटरॅक्टिव्ह यूपीएस (लाइट असताना मेन्सच पुढे देणारा साधा प्रकार) बऱ्याचदा ३६० वॅटचाच असतो, म्हणजे ४०० वॅटचा लोड त्याला लावला तर मिनिटं मोजायचा प्रश्नच नाही, तो लाइट जाताच ओव्हरलोड म्हणून बंद होईल.

मोजायचं कसं तर प्लगमध्ये लावायचा वॅट मीटर घ्या आणि लोड सरळ मेन्सवर लावून मोजा. यूपीएसच्या इनपुटला मीटर लावला तर यूपीएसचे स्वतःचे लॉसेस आणि बॅटरी चार्जिंगपण त्यात येतं. स्वस्त यूपीएसच्या बॅटरी मोडमधल्या चौकोनी वेव्हवर साधे मीटर चुकीचं दाखवतात, म्हणून तिथेही नको. क्लॅम्प मीटरने अँपिअर घेऊन व्होल्टने गुणलं तर ते व्हीए झाले, वॅट नाही, हे ध्यानात असू द्या. आणि मीटर दहा मिनिटं बघत बसा, नेहमीचं काम चालू ठेवून, कारण कॉम्प्युटर सुरू होतानाचा आणि काम करतानाचा आकडा वेगळा असतो. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावूच नका. फ्यूजर गरम होताना तो एकदम शेकड्यांनी, मोठा असेल तर हजाराच्या वर वॅट ओढतो आणि नेमका त्या क्षणी लाइट गेली तर सगळंच बंद.

लोड कमी केला तर काय होतं हे तुमच्याच यूपीएसवर बघण्यासारखं आहे. ४०० चा २०० केला तर बॅकअप दुप्पट नाही होणार, दुपटीपेक्षा जास्त होईल. २०० भागिले ०.८५, कारण कमी लोडला एफिशियन्सी जरा उतरते, म्हणजे २३५ वॅट, प्रत्येक बॅटरीला ७८, करंट ६.८ च्या आसपास, आणि वेळ येतो साधारण ३४-३५ मिनिटं. १५ चे ३५. म्हणून बॅटरी वाढवायचा विचार करायच्या आधी लोडमधून काय काढता येईल ते बघा. लाइट गेल्यावर दुसरा मॉनिटर, स्पीकर, चार्जर हे सगळं यूपीएसवर कशाला हवंय? तो सगळ्यात स्वस्त बॅकअप आहे.

मात्र हे खाली खाली करत अनंतकाळ चालत नाही. राउटर एकटाच १० वॅटचा आहे म्हणून मोठ्या यूपीएसवर तो दिवसभर चालेल असं वाटतं, पण यूपीएस स्वतःच बॅटरी मोडमध्ये कंट्रोल कार्ड, पंखा, इन्व्हर्टर यांच्यासाठी १५-२० वॅट, ऑनलाइन असेल तर त्याहून जास्त खात असतो. लोडपेक्षा घरचाच खर्च मोठा. अशा वेळी टक्क्यातली एफिशियन्सी बाजूला ठेवून लोडमध्ये तो स्वतःचा खर्च सरळ मिळवायचा आणि मग भागायचं. राउटरसाठी थेट १२ व्होल्ट डीसी देणारा छोटा यूपीएस घेणं जास्त शहाणपणाचं, मध्ये एसी बनवून परत डीसी करायची भानगडच नाही.

आता १ तास बॅकअपचं. इथे नवीन बॅटरीवर १ तास मिळाला की झालं असं धरू नका. बॅटरी जुनी होत जाते आणि क्षमता मूळच्या ८० टक्क्यांवर आली की ती बदलायची असा सर्वमान्य नियम आहे. म्हणजे तुम्हाला बदलण्याच्या आदल्या दिवशीही १ तास हवा असेल तर सुरुवातीला सव्वापट बॅटरी घ्यावी लागते. आयईईई ४८५ हे लेड ॲसिड बॅटरीच्या साइझिंगचं स्टँडर्ड आहे, मूळचं मोठ्या स्टेशनच्या बॅटऱ्यांसाठी, त्यातही हाच १.२५ चा एजिंग फॅक्टर आहे आणि त्यावर १० ते १५ टक्के डिझाइन मार्जिन धरायला सांगतात. छोट्या यूपीएसलाही हेच लावा, काही बिघडत नाही. तर ४६० गुणिले १.२५ गुणिले १.१ म्हणजे ६३२ वॅट. ३ बॅटऱ्यांत वाटले तर प्रत्येकी २११ वॅट, ६० मिनिटं. करंट साधारण १८ अँपिअर. ७ एएच बॅटरी १ तासाला ४.२ अँपिअर देते, त्या प्रमाणात १८ अँपिअरला ३० एएच लागतील. तेवढ्या साइजची नेमकी मिळत नाही, ३३ मिळाली तर ती, नाहीतर ४०-४२. २६ एएच लावली तर नवीन असताना सव्वा तास मिळेल, तुम्ही खूश व्हाल, पण ८० टक्क्यांवर आली की तासाच्या जरा आत येईल. ज्याला चार-पाच मिनिटं कमी चालतात त्याने २६ लावायला माझी हरकत नाही, फक्त समजून लावा.

आणि आता जे सांगतोय ते आकड्यांपेक्षा महत्त्वाचं आहे. तुमच्या यूपीएसच्या आत ७ एएचच्या ३ बॅटऱ्या आहेत म्हणजे ते बहुधा आतल्या बॅटरीचं स्टँडर्ड मॉडेल आहे. त्याला बाहेरून ४० एएचच्या बॅटऱ्या जोडायचा मोह होईल. करू नका, आधी दोन गोष्टी तपासा. पहिली चार्जर. आतल्या छोट्या बॅटऱ्यांसाठी दिलेला चार्जर साधारण १ अँपिअरचा असतो. ४० एएचच्या बॅटरीला एएचच्या निदान १० टक्के, म्हणजे ४ अँपिअर हवेत. १ अँपिअरने ती भरायला दीड दिवस लागेल आणि मध्ये परत लाइट गेली तर ती कधीच पूर्ण भरणार नाही, अर्धवट भरलेल्या अवस्थेत राहून प्लेटवर सल्फेट घट्ट बसतं आणि बॅटरी वेळेआधी मरते. दुसरी उष्णता. ज्या यूपीएसचा हीटसिंक आणि ट्रान्सफॉर्मर १०-१५ मिनिटांच्या हिशोबाने बनवलाय तो तासभर पूर्ण लोडवर चालवला तर आत काय होईल सांगता येत नाही. लाइन इंटरॅक्टिव्हच्या स्वस्त मॉडेलमध्ये तर हा सरळ आगीचा धोका आहे. म्हणून लाँग बॅकअप मॉडेल वेगळं मिळतं, त्यात आत बॅटरी नसते, मोठा चार्जर असतो आणि बाहेरच्या बॅटरीसाठी कनेक्टर असतो. १ तास हवा असेल तर तेच घ्या.

बाहेरची बॅटरी बँक लावताना डीसीसाठी बनवलेला फ्यूज किंवा एमसीबीच लावा, एसीचा एमसीबी डीसीचा आर्क विझवेलच याची खात्री नाही. आणि मोठ्या यूपीएसमध्ये १६ किंवा २० बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात, म्हणजे १९२ किंवा २४० व्होल्ट डीसी, चार्ज होताना त्याहून जास्त. मेन्स बंद केला तरी ते तिथे असतंच. तिथे स्वतः हात घालू नका, माहीतगार माणसालाच बोलवा, हे मी मनापासून सांगतोय.

बॅटरी वाढवायची तर सिरीज की पॅरलल हाही गोंधळ असतो. सिरीजमध्ये व्होल्टेज वाढतं, एएच नाही. यूपीएसचं व्होल्टेज ठरलेलं असतं, ३६ म्हणजे ३६, त्यात चौथी बॅटरी सिरीजमध्ये घुसवता येत नाही. वाढवायची तर तशीच आणखी एक ३ ची स्ट्रिंग, म्हणजे सिरीजमधली माळ, पहिलीच्या पॅरललमध्ये, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस. ती लावली की प्रत्येक बॅटरीवर निम्मा लोड येतो, म्हणून १५ मिनिटांचे ३० नाही तर ३५ च्या जवळ जातात, लोड निम्मा केल्यासारखंच. फक्त दोन्ही स्ट्रिंग एकाच वयाच्या, एकाच मॉडेलच्या असू द्या.

सिरीजमधली सगळ्यात कमजोर बॅटरी पूर्ण स्ट्रिंगचा बॅकअप ठरवते. तिघांतली एक ढासळली की यूपीएस तिच्यामुळे कट होणार, बाकी दोन भरलेल्या असल्या तरी. आणि त्या एकीच्याच जागी नवीन घालून काम भागवलं तर नवी आणि जुन्या यांचं चार्जिंग जुळत नाही, चार्जर एकूण व्होल्टेज बघतो, त्यामुळे एक ओव्हरचार्ज होते आणि एक उपाशी राहते, मग नवीनपण लवकर जाते. स्ट्रिंग नेहमी पूर्ण बदला.

तापमानाचं. रेटिंग २५ अंश सेल्सिअसचं असतं, काही कंपन्या २० चं देतात. थंडीत क्षमता कमी मिळते, ० अंशाला ८०-८५ टक्क्यांवर येते आणि मोठ्या करंटला आणखी खाली. गरमीत क्षमता जरा वाढलेली दिसते पण आयुष्य घटतं, ८ ते १० अंश वाढले की आयुष्य साधारण निम्मं. ५ वर्षांची म्हणून घेतलेली बॅटरी ३५ अंशाच्या कोंदट कपाटात ठेवली तर अडीच वर्षं धरा. बॅकअप मिनिटांचा हिशोब कितीही काटेकोर केला आणि यूपीएस टेबलाखाली भिंतीला चिकटवून, पंख्याची जाळी झाकून ठेवला, तर तो हिशोब वर्षभरात शिळा होतो.

बॅटरी विकत घेताना एक गोष्ट बघा. ७ एएच आणि ९ एएच या दोन्ही एकाच साइजच्या केसमध्ये येतात, साधारण १५१ बाय ६५ बाय ९४ मिलिमीटर. ९ एएचची हाय रेट बॅटरी यूपीएससाठीच बनवलेली असते, तिच्यावर बऱ्याचदा वॅट प्रति सेल लिहिलेले असतात, उदाहरणार्थ १५ मिनिटांना १.६७ कटऑफने ३४ वॅट. तुम्हाला प्रति सेल २५.५ लागतात, म्हणजे अशा बॅटरीवर तुमची १५ मिनिटं २० च्या थोडी पुढे जातील, यूपीएस न बदलता. टर्मिनल तेवढं तपासा, हाय रेटला ६.३ मिलिमीटरचं रुंद पातं असतं आणि जुन्या वायरचा लग ४.८ चा असेल तर तो बसणार नाही, ठोकून बसवू नका, लग बदला. ढिलं कनेक्शन १३ अँपिअरला गरम होतं आणि तिथेच अर्धा व्होल्ट खातं.

ट्युब्युलर बॅटरी घरच्या इन्व्हर्टरला छान, तासन् तास हळू डिस्चार्जसाठीच ती बनलीय. १० मिनिटांच्या मोठ्या करंटला ती एएचच्या मानाने कमी पडते, शिवाय चार्ज होताना हायड्रोजन सोडते, म्हणून बंद खोलीत कॉम्प्युटरशेजारी नको.

लिथियमबद्दल हल्ली सगळेच विचारतात. यूपीएससाठी जी वापरतात ती मुख्यतः लिथियम आयर्न फॉस्फेट, सेलचं व्होल्टेज ३.२, चारची मिळून १२.८. तिच्यात प्यूकर्टचा परिणाम नगण्य आहे, के जवळपास १.०५, त्यामुळे तिथे तुमचं ते साधं सूत्र खरंच बऱ्यापैकी चालतं, एफिशियन्सी तेवढी लावा. पण बीएमएस, म्हणजे पॅकमधलं बॅटरी सांभाळणारं सर्किट, किती करंट देतो ते बघा, ७ एएचच्या पॅकचा बीएमएस १० अँपिअरला कट करत असेल तर तुमच्या १३ अँपिअरला तो पहिल्याच क्षणी बंद होईल आणि बॅकअप शून्य. चार्जरचं व्होल्टेज जुळतं का तेही यूपीएसच्या कंपनीला विचारल्याशिवाय लेड ॲसिडच्या जागी लिथियम टाकू नका.

डिस्प्लेवर यूपीएस स्वतःच मिनिटं दाखवतो, ते धरायचं का? नवीन बॅटरीला आणि स्थिर लोडला ठीक, पण बरेच यूपीएस व्होल्टेज आणि लोड बघून आत ठरवून दिलेल्या तक्त्यावरून आकडा देतात, बॅटरी म्हातारी झालीय हे त्यांना कळायला एकदा खरंच डिस्चार्ज व्हावं लागतं. सेल्फ टेस्टचंही तसंच, तो काही सेकंद बॅटरीवर जातो आणि पास म्हणतो, मेलेली बॅटरी त्यात सापडते, अर्धमेली सापडत नाही. मल्टिमीटरने १२.८ व्होल्ट दिसलं म्हणजेही एवढंच कळतं की बॅटरी भरलेली आहे, ती किती वेळ टिकेल ते नाही.

म्हणून कागदावर काहीही आलं तरी एकदा प्रत्यक्ष टेस्ट करा. बॅटरी २४ तास अखंड चार्ज होऊ द्या. कॉम्प्युटरवर काही महत्त्वाचं उघडं ठेवू नका, किंवा त्याऐवजी तेवढ्याच वॅटचा रेझिस्टिव्ह लोड लावा, जुने फिलामेंटचे बल्ब असतील तर ४ गुणिले १०० वॅट म्हणजे तुमचा ४०० तयार. प्लग ओढण्यापेक्षा स्विच किंवा एमसीबी बंद करा म्हणजे अर्थिंग जोडलेलं राहतं. घड्याळ लावा, लो बॅटरीचा बीप कधी सुरू झाला आणि बंद कधी झाला दोन्ही वेळा लिहा, खोलीचं तापमान आणि लोडपण. संपल्याबरोबर लगेच परत चार्जला लावा, रिकामी लेड ॲसिड रात्रभर तशीच ठेवणं तिला फार महागात पडतं. छोट्या यूपीएसला ८ ते १० तास लागतात परत ९० टक्के भरायला, म्हणजे तोवर दुसऱ्यांदा लाइट गेली तर पूर्ण बॅकअप मिळणार नाही हेही नियोजनात धरा. जिथे दिवसातून चारदा लाइट जाते तिथे पहिल्या वेळेचा आकडा काही कामाचा नाही. अशी टेस्ट वर्षातून एक-दोनदा पुरे, दर आठवड्याला पूर्ण रिकामी करत बसलात तर टेस्टनेच बॅटरी झिजेल. पहिल्या टेस्टला जेवढी मिनिटं आली त्याच्या तीन चतुर्थांशाच्या खाली वेळ आली की बॅटरी बदलायचं बघा, कारण तुमच्यासारख्या मोठ्या करंटला क्षमता ८० टक्के उरली की वेळ ७५-७६ टक्केच उरतो, १५ ची ११-१२ मिनिटं.

राहिला प्रश्न १ तास खरंच हवाय का. तुमच्याकडे जनरेटर असेल तर तो सुरू होऊन लोड घेईपर्यंतची २-३ मिनिटं आणि तो पहिल्या प्रयत्नाला नाही सुरू झाला तर १० मिनिटं हाताशी, एवढं पुरतं. जनरेटर नसेल आणि फक्त फाइल सेव्ह करून सर्व्हर नीट बंद करायचा असेल तर यूएसबीची वायर लावून शटडाउनचं सॉफ्टवेअर घाला, आणि बॅटरी २० टक्के उरल्यावर नाही तर लाइट गेल्यापासून ५ मिनिटांनी शटडाउन सुरू होईल असं सेट करा, कारण ते टक्के जुन्या बॅटरीत शेवटी एकदम घसरतात. अशा वापराला तुमच्याकडे आहेत त्या ३ बॅटऱ्या आजही पुरेशा आहेत. पण लाइट जाऊनही काम चालूच ठेवायचं असेल तर मग ३३ किंवा ४० एएचच्या ३ बॅटऱ्या आणि लाँग बॅकअप मॉडेल, आणि घ्यायच्या आधी दुकानदाराकडून त्याच बॅटरी मॉडेलचा वॅटचा तक्ता मागून घ्या, तो देत नसेल तर दुसरी बॅटरी बघा.